‘टर्न’ म्हणजे केवळ वळणे नव्हे

प्रश्नपत्रिका हाती पडते. पहिल्या पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, ‘पी.टी.ओ.’ अशी तीन अक्षरे छापलेली असतात. ‘प्लीज टर्न ओव्हर’, म्हणजे कृपया पान उलटा, एवढाच त्यांचा अर्थ. घाईत वा धास्तीत ती नजरेतून सुटली तर मागच्या पानावरचे प्रश्न तसेच राहून जातात आणि चूक लक्षात येते ती शेवटची घंटा झाल्यावर, वर्गाबाहेर मित्रांशी उत्तरे पडताळून पाहताना. मराठी शाळेतील मुलाच्या शब्दार्थांच्या वहीत ‘टर्न’समोर ‘वळणे’ आणि ‘ओव्हर’समोर ‘वर’ असे लिहिलेले असते. दोन्ही जोडले तर ‘वर वळा’ असे काहीतरी निष्पन्न होते. पान उलटण्याचा त्यात मागमूसही नसतो.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्याआधी मराठी शाळांत हा विषय पाचवीत सुरू होत असे. नागपूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवरच्या कुहीसारख्या तालुक्याच्या गावातून पुढील शिक्षणासाठी शहरात येणाऱ्या मुलामुलींनी त्यामुळे या भाषेची दहा-बारा वर्षे ओळख ठेवलेली असते. अडचण असते ती अवघड शब्दांची नव्हे. अवघड शब्द कोशात सापडतो आणि त्याचा अर्थही बहुधा एकच असतो. अडवतात ते ‘गेट’, ‘टेक’, ‘सेट’, ‘टर्न’ यांसारखे तीन-चार अक्षरी शब्द, जे येतात असे वाटते म्हणून कोणी कोशात पाहतच नाही.

खराद्याच्या यंत्रातून आलेला शब्द

‘टर्न’ या क्रियापदाचे मूळ ग्रीक भाषेत आहे. ‘तोर्नोस’ म्हणजे वर्तुळ आखण्याचे किंवा लाकूड गोल कातण्याचे साधन. तेथून ते लॅटिनमध्ये ‘तोर्नुस’ झाले, त्यावरून कातयंत्रावर वस्तू गोल करणे या अर्थाचे ‘तोर्नारे’ हे क्रियापद बनले आणि जुन्या इंग्रजीत ते थेट लॅटिनमधून, पुढे फ्रेंचच्या वाटेनेही, दाखल झाले. ‘रिटर्न’, ‘टूर’, ‘टूर्नामेंट’ ही याच कुळातली मंडळी. ‘अ‍ॅटर्नी’देखील त्यातलाच. ज्याच्याकडे आपले काम वळवले, सोपवले, तो अ‍ॅटर्नी.

आपल्याकडे लाकूड कातणाऱ्या कारागिराला कातारी म्हणत. पाळण्याचे गोल दांडे, पलंगाचे खूर, लाटणी, भोवरे ही त्याची कामे. खराद, लेथ असे शब्द पुढे रूढ झाले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये ‘टर्नर’ नावाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आजही चालतो. तेथे लेथवर लोखंडाचा दांडा फिरवत हत्याराने त्याला आकार देणारा विद्यार्थी ‘टर्न’ या शब्दाचा सर्वात जुना अर्थ रोज हाताळत असतो. त्याला तसे कोणी सांगत नाही, ही गोष्ट वेगळी.

एका जागी फिरणे, फिरता फिरता रूप बदलणे या दोन्ही कल्पना त्या यंत्रात एकत्र होत्या. लाकडाचा ओंडका फिरतो आणि फिरून त्याचे लाटणे होते. ‘टर्न’चे पुढचे बहुतेक अर्थ या दोन कल्पनांमधूनच फुटले आहेत. एका बाजूला दिशा आणि बाजू बदलण्याचे अर्थ, तर दुसऱ्या बाजूला स्थिती आणि रूप बदलण्याचे.

एकाच्या बदल्यात डझनभर

मराठीने हा सगळा व्याप एका शब्दावर टाकला नाही. रस्ता वळतो, चाक फिरते, पान उलटते, दिवस पालटतात, पाहुणा परततो, उन्हे कलतात, दूध नासते, पाय मुरगळतो, अंथरुणातला माणूस कूस बदलतो. यांतील बहुतेक ठिकाणी इंग्रजीत ‘टर्न’ चालून जाते. तव्यावरची भाकरी तर मराठीत उलटतही नाही, ती उलथली जाते, आणि त्यासाठीचे साधन म्हणजे उलथने. मोल्सवर्थ यांनी हाती घेतलेला आणि थॉमस कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाला. इंग्रजी शब्दासमोर मराठी शब्द बसवण्याची ही खटपट तेव्हापासून चालू आहे. ‘टर्न’सारख्या शब्दापुढे कोणताही कोशकार एक प्रतिशब्द देऊन थांबू शकत नाही. वाक्य पाहिल्याशिवाय निवड करता येत नाही, हे त्यातले खरे दुखणे.

कुही तालुक्यात वैनगंगेच्या काठी आंभोरा आहे. वैनगंगेला कन्हान, आम आदी नद्या तेथे येऊन मिळतात. मराठीतील आद्य ग्रंथ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’ची रचना येथेच झाली, अशी परंपरा सांगते. (अंबाजोगाईकरांचा दावाही तितकाच आग्रही आहे.) या ग्रंथाचा काळ शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८ मानला जातो. आठशेहून अधिक वर्षे लिहिल्या जाणाऱ्या भाषेत फिरण्या-वळण्याच्या प्रत्येक छटेला स्वतंत्र शब्द असावा, यात नवल नाही. शाळेच्या वहीत मात्र त्यातला एकच उतरतो.

आणखी एक भेद विद्यार्थ्याला कोणी समजावून देत नाही. मराठीत वळणे आणि वळवणे, फिरणे आणि फिरवणे, उलटणे आणि उलटवणे अशा जोड्या आहेत. आपण होऊन घडले की एक रूप, कोणी घडवून आणले की दुसरे. इंग्रजीत दोन्हीकडे ‘टर्न’च. ‘द बस टर्न्ड’ म्हणजे बस वळली आणि ‘द ड्रायव्हर टर्न्ड द बस’ म्हणजे चालकाने बस वळवली. क्रियापदावरून काही कळत नाही. त्याच्यापुढे कर्म आहे की नाही, ते पाहावे लागते.

रस्ता, पान आणि रुग्ण

दिशेचा अर्थ सर्वात सोपा. नागपूरहून उमरेड रस्त्याने निघालेल्या वाहनाला कुहीसाठी डावीकडे वळावे लागते. इंग्रजीत ‘टर्न लेफ्ट’. येथे ‘टर्न टू लेफ्ट’ ही मराठी वळणाची रचना टाळावी. ‘टर्न लेफ्ट’ किंवा ‘टर्न टू द लेफ्ट’, दोन्हींपैकी एक. रस्त्यावरच्या वळणाला सर्रास ‘टर्निंग’ म्हटले जाते, ते चुकीचे नाही, पण इंग्रजीत ‘टर्निंग’ म्हणजे मुख्य रस्त्यातून फुटणारा फाटा. घाटातले वळण हे ‘बेंड’ किंवा ‘कर्व्ह’. पूर्ण उलट फिरणाऱ्या यू-टर्नला राजकारणाच्या बातम्यांत ‘घूमजाव’ हा खणखणीत शब्द आहे आणि तो मागे पडू नये.

बाजू बदलण्याच्या अर्थात मात्र चुका महागात पडू शकतात. पी.टी.ओ.चे उदाहरण वर आलेच आहे. दुसरे उदाहरण रुग्णालयातून घरी नेलेल्या अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे. घरी पाठवताना दिलेल्या कागदावर ‘टर्न द पेशंट एव्हरी टू अवर्स’ अशी सूचना असू शकते. रुग्णाला दर दोन तासांनी कुशीवर वळवा, एका अंगावर फार वेळ ठेवू नका, नाहीतर दाब पडून त्वचेला जखमा होतात, असा तिचा आशय. अशी सूचना इंग्रजीतच राहिली आणि घरच्यांनी ती अंदाजाने वाचली तर पाठीला जखमा होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

आणि ट्रक उलटला की इंग्रजी वार्ताहर लिहितो, ‘द ट्रक टर्न्ड टर्टल’. कासव उलटे पाडले की त्याला सहजी सुलटे होता येत नाही. समुद्री कासवे पकडणारे खलाशी त्यांना असेच उलथवून ठेवत. त्या खलाशांकडून हा वाक्प्रचार बुडत्या जहाजांना आणि तेथून आपल्याकडच्या महामार्गांना मिळाला. विदर्भात ‘ट्रक पलटी झाला’ म्हणतात, त्यात कासवाची गरज भासत नाही.

हिरवी मिरची लाल होते तेव्हा

स्थिती बदलण्याचा अर्थ समजून घ्यायला कुही-मांढळचा परिसर उत्तम. हा भाग मिरचीचा. पीक निघाले की मिरचीचे सातरे लागतात. उघड्या आवारात लाल मिरची पसरलेली, तिचे देठ खुडणाऱ्या बायका ओळीने बसलेल्या, खकाण्याने शिंका आणि खोकला. झाडावर हिरवी असलेली मिरची पिकून लाल होते. इंग्रजीत ‘द चिलीज टर्न रेड’. उन्हात पसरलेली मिरची सगळीकडून सारखी वाळावी म्हणून वरखाली केली जाते. इंग्रजीत त्यालाही ‘टर्न’. एकाच सातऱ्यावर एकाच शब्दाचे दोन अर्थ. पहिल्यात मिरची आपण होऊन बदलते, दुसऱ्यात माणूस तिला फिरवतो.

या स्थितीच्या अर्थात ‘टर्न’ हे ‘बिकम’च्या जवळ जाते, पण दोन्ही सर्वत्र अदलाबदल करता येत नाहीत. रंग, हवामान, वय, चव यांच्या बदलाला ‘टर्न’ शोभते. पाने पिवळी पडतात, नदीचे पाणी काळे होते, हवा थंड होते, दूध आंबते. ‘ही टर्न्ड हॅपी’ असे मात्र सहसा म्हणत नाहीत. तेथे ‘बिकम’ किंवा ‘गेट’ लागते. ‘टर्न’मध्ये बदलाला एक टप्पा असतो, आधीचे वेगळे आणि नंतरचे वेगळे. बदल बिघाडाकडे झुकलेला असेल तर ‘टर्न’ आणखी चपखल बसते. ‘टर्न सावर’, ‘टर्न नॅस्टी’, ‘टर्न व्हायोलंट’ ही वर्तमानपत्री इंग्रजीतली नेहमीची उदाहरणे.

नाम आले की इंग्रजी एक अजब सवलत देते. ‘ही टर्न्ड ट्रेटर’ म्हणजे तो फितूर झाला. इथे ‘अ ट्रेटर’ नाही. इतर ठिकाणी ‘अ’ गाळल्याबद्दल गुण कापले जातात, इथे तो घातल्यास वाक्य परके वाटते. न्यायालयीन बातम्यांत ‘टर्न्ड अप्रूव्हर’ वाचायला मिळते, म्हणजे आरोपी माफीचा साक्षीदार झाला. ‘वकील-टर्न्ड-नेता’ या धर्तीच्या जोडशब्दांतही तेच.

‘टर्न्ड हॉस्टाइल’ हा शब्दप्रयोगही याच वर्गातला. स्वतःच्या पक्षाने उभा केलेला साक्षीदार आधीच्या जबानीपासून ढळला की मराठी बातमी म्हणते साक्षीदार उलटला, फिरला किंवा फितूर झाला. एका इंग्रजी शब्दाला तीन मराठी शब्द आणि तिन्हींची नैतिक धार वेगळी. ‘फिरला’ यात मतपरिवर्तनाला जागा आहे, ‘फितूर’ यात विश्वासघाताचा आरोप आहे. खुद्द कायद्यात मात्र हा शब्दच नव्हता. भारतीय पुरावा कायद्याच्या १५४ व्या कलमात आपल्याच साक्षीदाराला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारण्याची परवानगी न्यायालयाने द्यावी, एवढेच होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही तीच तरतूद पुढे चालवली. ‘हॉस्टाइल’ हा वकिलांच्या आणि वार्ताहरांच्या बोलण्यातला शब्द.

अठरावे लागले की अठरा पूर्ण झाले?

वयाच्या बाबतीत ‘टर्न’ विशेष जपून वाचावे. ‘शी टर्न्ड एटीन’ याचा अर्थ तिला अठरा वर्षे पूर्ण झाली. मराठी घरात वाढदिवसाला ‘सतरा संपून अठरावे लागले’ असे म्हणतात, तेव्हा मुलीला सतरा वर्षे पूर्ण झालेली असतात. घाईत ‘टर्न्ड एटीन’चे भाषांतर ‘अठरावे लागले’ असे केले तर वयात एका वर्षाची तफावत पडते. बोलण्यात हे खपते. अर्जात खपत नाही.

मतदार नोंदणी, वाहन चालवण्याचा कायम परवाना, मुलीच्या विवाहाचे किमान वय, सगळीकडे अठरा पूर्ण असावी लागतात. मतदार यादीसाठी पूर्वी १ जानेवारी ही वर्षातली एकच अर्हता तारीख होती. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांची पहिली तारीख धरली जाते. त्यामुळे कोण कोणत्या तारखेला अठरा ‘टर्न’ होतो, याला आता पूर्वीहून जास्त अर्थ आला आहे. ‘शी इज टर्निंग एटीन’ असे वाचले तर अठरा अजून पूर्ण व्हायची आहेत, हेही लक्षात ठेवावे.

मागे येणारा छोटा शब्द

‘टर्न’ची खरी कसोटी लागते ती त्याच्या मागोमाग येणाऱ्या ‘अप’, ‘डाउन’, ‘इन’, ‘आउट’, ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘ओव्हर’ या चिमुकल्या शब्दांनी. इथे ‘टर्न’ जवळजवळ निमित्तमात्र उरते आणि अर्थाचा भार छोट्या शब्दावर जातो.

‘टर्न ऑन’, ‘टर्न ऑफ’ हे घराघरांत पोचले आहेत. आज दिव्याचे बटन दाबले जाते, फिरवले जात नाही, तरी इंग्रजीत क्रियापद चावी फिरवण्याच्या काळातलेच राहिले. मराठी या बाबतीत अधिक रसिक. दिवा लावतात, मालवतात, नळ सोडतात, पंखा चालू करतात, गॅस मोठा किंवा बारीक करतात. या शेवटच्या दोन क्रियांना इंग्रजीत ‘टर्न अप’ आणि ‘टर्न डाउन’. ‘टर्न ऑन’ला दुसरा, अंगावर येणारा अर्थही आहे. ‘द डॉग टर्न्ड ऑन हिम’ म्हणजे कुत्रा त्याच्यावर उलटला.

‘टर्न डाउन’ हे रेडिओच्या आवाजापुरते शिकलेल्या उमेदवाराच्या हाती एखाद्या कार्यालयाचे पत्र येते, ‘युअर रिक्वेस्ट हॅज बीन टर्न्ड डाउन’. विनंती नामंजूर झाली आहे. ती ‘खाली’, म्हणजे खालच्या कार्यालयाकडे पाठवली आहे असे समजून वाट पाहत बसलेल्याची अपिलाची मुदत निघून जाऊ शकते. ‘टर्न अप’चेही तसेच. आवाज वाढवणे हा एक अर्थ, हजर होणे हा दुसरा. ‘कँडिडेट्स हू डू नॉट टर्न अप’ म्हणजे जे उमेदवार उपस्थित राहणार नाहीत ते. हरवलेली वस्तू अचानक सापडली, तरी ‘टर्न्ड अप’. शिंप्याकडे विजार खालून दुमडून घेतली, तरी तेच.

‘टर्न इन’ म्हणजे जमा करणे. गृहपाठ, ओळखपत्र, ग्रंथालयाचे कार्ड. एखाद्याला पोलिसांच्या स्वाधीन करणेही ‘टर्न इन’, आणि जेवणखाण आटोपून झोपायला जाणेही. तिन्ही अर्थ एकाच वाक्यात कधी येत नाहीत, एवढे भाषेचे उपकार.

वाक्यात मांडणी करताना एक नियम पाळावा लागतो. कर्म नाम असेल तर ते मध्ये किंवा शेवटी, कुठेही चालते. ‘टर्न डाउन द ऑफर’ आणि ‘टर्न द ऑफर डाउन’ दोन्ही बरोबर. सर्वनाम असेल तर मात्र ते मध्येच हवे. ‘टर्न इट डाउन’. ‘टर्न डाउन इट’ हे कानाला मराठी क्रमाइतकेच साधे वाटत असले तरी चूक आहे.

‘टर्नआउट’ या नामाचा पसारा तर पाहण्याजोगा. निवडणुकीत तो मतदानाची टक्केवारी, पोलिस वा एनसीसीच्या संचलनात गणवेशाचा नेटकेपणा, आणि रेल्वेच्या अभियंत्याला विचारले तर एका रुळावरून गाडी दुसऱ्या रुळावर नेणारा सांधा. कुहीवरून नागपूर-नागभीड ही अरुंद मार्गाची छोटी रेल्वे जात असे. गेजरूपांतरासाठी २०१९ मध्ये ती बंद झाली. तिच्या स्थानकांवरचे सांधे बदलणाऱ्या कर्मचाऱ्याचा मतदानाशी संबंध पाच वर्षांतून एकदा, पण कागदोपत्री त्याचा रोजचा ‘टर्नआउट’ वेगळाच.

उलाढाल म्हणजे नफा नव्हे

‘टर्नओव्हर’बद्दल व्यापाऱ्यांत होणारा घोळ थोडा गंभीर आहे. वर्षभरात एकूण जितक्या रकमेची विक्री झाली, ती उलाढाल. खर्च वजा जाता उरतो तो नफा. गावातला किराणा दुकानदार ‘टर्नओव्हर किती?’ या प्रश्नाला हाती उरलेली रक्कम सांगतो, कारण त्याच्या हिशेबी तीच त्याची कमाई असते. वस्तू आणि सेवा कराची नोंदणी मात्र उलाढालीवर ठरते. महाराष्ट्रात वस्तूंच्या व्यापाऱ्यांसाठी ही मर्यादा १ एप्रिल २०१९ पासून चाळीस लाख रुपये आहे, सेवा देणाऱ्यांसाठी वीस लाख. थोड्या नफ्यावर मोठी विक्री करणारा मिरचीचा व्यापारी आपण लहान आहोत असे समजून नोंदणीविना राहिला तर दंडाला पात्र ठरतो. कर्मचारी सोडून जाण्याच्या प्रमाणालाही ‘टर्नओव्हर’ म्हणतात. कंपनीचा ‘टर्नओव्हर’ वाढला ही बातमी त्यामुळे आनंदाची की काळजीची, ते पुढचे वाक्य वाचल्यावरच कळते.

चेंडूही वळतो

क्रिकेटमुळे ‘टर्न’ मराठी बोलण्यात इतके मुरले आहे की चेंडू ‘टर्न होतो’ म्हणताना कोणाला परके वाटत नाही. फिरकीला साथ देणाऱ्या खेळपट्टीला इंग्रजीत ‘टर्नर’ म्हणतात. लेथवरचा टर्नर तो हा नव्हे. नागपूरजवळच्या जामठा येथील विदर्भ क्रिकेट संघटनेच्या मैदानावर नोव्हेंबर २०१५ मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिका यांच्यात झालेली कसोटी तिसऱ्या दिवशीच संपली. पाहुण्यांचा पहिला डाव ७९ धावांत आटोपला, रविचंद्रन अश्विनने सामन्यात बारा बळी घेतले आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने खेळपट्टीला ‘खराब’ शेरा दिला. चेंडूने किती वळावे, यावरही अधिकृत मत असते.

उलट बाजूने पाहताना

आतापर्यंत इंग्रजीकडून मराठीकडे पाहिले. उलट दिशेने गेल्यास वेगळेच खड्डे लागतात. ‘वळणे’ म्हणजे ‘टर्न’ हे समीकरण पाठ केलेला विद्यार्थी लाडू वळण्यालाही ‘टर्न’ लावतो. लाडू आणि वाती ‘रोल’ केल्या जातात, दोरी ‘ट्विस्ट’ होते, मूठ ‘क्लेंच’ होते, रानातली गुरे वळण्याला ‘हर्ड’ हवे. भाजी परतणे म्हणजे ‘टर्न’ नव्हे, तेथे ‘फ्राय’ किंवा ‘सॉटे’. मुलाला वळण लावणे याला इंग्रजीत कोणताही ‘टर्न’ पुरत नाही, अक्षराच्या वळणालाही नाही. २०२३ मध्ये शरद पवार यांनी पक्षसंघटनेत बदलाचे संकेत देताना ‘भाकरी फिरवणे’ हा वाक्प्रचार वापरला, तेव्हा इंग्रजी बातमीदारांना तो कंसात उलगडून सांगावा लागला. आणि ‘कळते पण वळत नाही’ याचे भाषांतर करायला बसलेला माणूस शेवटी तेच म्हणतो, कळते पण वळत नाही.

पाळी

नाम म्हणून ‘टर्न’चा रोजच्या वापरातला अर्थ म्हणजे पाळी. ‘इट इज युअर टर्न’, तुझी पाळी. मराठीत याला प्रसंगानुसार डाव, खेप, क्रम, आणि बँकेच्या रांगेत चक्क ‘नंबर’ म्हणतात. मुलांच्या खेळात तर पाळी येत नाही, ‘राज्य’ येते. ‘बाय टर्न्स’ म्हणजे आळीपाळीने, ‘इन टर्न’ म्हणजे क्रमाने किंवा त्याच्यामुळे पुढे, आणि ‘आउट ऑफ टर्न’ म्हणजे क्रम डावलून. ‘आउट ऑफ टर्न’ पदोन्नती उत्तम कामगिरीचे बक्षीसही असू शकते आणि वशिल्याचा पुरावाही. ‘स्पीक आउट ऑफ टर्न’ म्हणजे नको तेव्हा तोंड उघडणे. ‘वन गुड टर्न’मधला ‘टर्न’ मात्र पाळी नव्हे, उपकार किंवा केलेली मदत.

पाळी या शब्दाला महाराष्ट्रातील शेतीने कायदेशीर वजन दिले आहे. कालव्यातून एका ठरावीक काळासाठी सोडलेल्या पाण्याला पाटबंधारे खाते ‘आवर्तन’ म्हणते. आवर्तन म्हणजे फिरून येणे. ‘वृत्’ या संस्कृत धातूपासून तो शब्द बनला आणि लॅटिनमधले वळण्याचे क्रियापद ‘वर्तेरे’ हे त्याच धातूचे दूरचे भावंड. एका आवर्तनात लगतच्या शेतांना क्रमाने पाणी देण्याच्या पद्धतीला शेजपाळी म्हणतात. कोणाच्या शेतात कोणत्या दिवशी पाणी जाईल, ते कागदावर ठरलेले असते आणि साधारणतः चारीच्या शेवटच्या टोकाकडून सुरुवात होते, म्हणजे वरच्याने आधीच उपसून खालच्याला कोरडे ठेवू नये. कुही तालुक्याने वैनगंगेवरील गोसीखुर्द प्रकल्पासाठी गावे आणि शेते गमावली आहेत. १९८८ मध्ये भूमिपूजन झालेल्या या धरणाचे पाणी तालुक्याच्या पूर्व भागात पसरले आहे. धरणाच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या कोणत्याही गावात ‘टर्न’ शब्दाचे भाषांतर विचारले तर वळणे हे उत्तर क्वचितच येईल. रात्री दोन वाजता कंदील नाहीतर बॅटरी घेऊन बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपली पाळी कधी सुरू होते आणि कधी संपते, एवढेच नेमके ठाऊक असावे लागते. ती हुकली तर पुढच्या आवर्तनापर्यंत पाणी नाही.